बेटांची माळ वाचायची कशी? हॉटस्पॉटवरच्या ज्वालामुखी बेटांची उकल, पायरी पायरीने

पॅसिफिक महासागराचा नकाशा उघडा आणि हवाई बेटांवर बोट ठेवा. आग्नेय टोकाला सगळ्यात मोठं बेट आहे, त्याचंही नाव हवाईच. तिथून बोट वायव्येकडे सरकवत न्या. माउई, मोलोकाई, ओआहू, काउआई. काउआईच्या पुढे निहोआ लागतं, ते म्हणजे समुद्रातून वर आलेला एक उभा कडाच. त्यापुढे एखाद-दुसरा उघडा खडक, मग प्रवाळाची कडी, मिडवे, कुरे, आणि त्यानंतर पाण्याच्या वर काहीच नाही. पण नकाशात समुद्राची खोली रंगांनी दाखवलेली असेल, तर रांग संपलेली नाही हे लगेच लक्षात येतं. ती पाण्याखालून तशीच पुढे जाते, एका ठिकाणी ठळकपणे वळते आणि थेट कामचटकाजवळच्या सागरी गर्तेपर्यंत पोचते. एकूण लांबी सुमारे ६,००० किलोमीटर.

या रांगेकडे सुट्या सुट्या डोंगरांची यादी म्हणून पाहिलं तर हाती काही लागत नाही. एकाच घरातल्या पिढ्या वयाप्रमाणे ओळीने उभ्या राहाव्यात, तशी ही रांग उभी आहे. मोठं बेट पुढे कसं दिसणार हे काउआईत पाहायला मिळतं, आणि काउआईचं भविष्य मिडवेत. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की नकाशा बोलायला लागतो. खालचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कठीण थराचा सरकता तुकडा, कुठल्या दिशेला सरकतोय, किती वेगाने सरकतोय, कोणतं बेट बुडायला आलंय, हे सगळं घरबसल्या काढता येतं. ते कसं काढायचं, तेच इथे क्रमाने सांगतो.

काय काय लागेल

सागरतळाची खोली दाखवणारा नकाशा, म्हणजे संगणकावरचा पृथ्वीचा गोल असला तर उत्तम, कारण त्यात अंतर मोजायची सोय असते. एक पारदर्शक कागद, पेन्सिल, साधा कॅल्क्युलेटर. आणि सोबतीला कुणी असेल तर बरं, तिसऱ्या पायरीत दोघांचे हात लागतात.

पायरी १: ही माळ हॉटस्पॉटचीच आहे ना, याची खात्री करा

हॉटस्पॉट म्हणजे खालून तापलेला खडक सतत वर येत राहतो आणि ज्वालामुखी पेटत राहतात अशी जागा. समुद्रातली ज्वालामुखी बेटांची प्रत्येक रांग हॉटस्पॉटची नसते. जपान, अल्युशियन, मारियाना याही बेटांच्या रांगाच आहेत, अंदमानजवळचं बॅरन बेटही अशाच एका रांगेतलं. पण तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो आणि त्या घुसण्यातून ज्वालामुखी जन्मतात. दोन्हींत गल्लत झाली तर पुढचं सगळं गणित वाया जातं. म्हणून आधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, रांगेला समांतर खोल गर्ता आहे का? असेल तर ती पट्टाच्या काठावरची रांग आहे. हॉटस्पॉटची माळ पट्टाच्या मधूनही जाते, आणि हवाई तर जवळच्या कुठल्याही पट्टसीमेपासून हजारो किलोमीटर दूर आहे.

दुसरी, जागे ज्वालामुखी कुठे आहेत? काठावरच्या रांगेत ते रांगभर पसरलेले असतात. हॉटस्पॉटच्या माळेत ते एका टोकाला गोळा झालेले असतात आणि दुसऱ्या टोकाकडे वय वाढत जातं. तिन्हींत ही खूण मी सगळ्यात महत्त्वाची मानतो.

तिसरी, डोंगराचा आकार. पट्ट खाली घुसताना सोबत पाणीही नेतो, त्यामुळे तिथला शिलारस चिकट आणि वायूने भरलेला असतो, उद्रेक स्फोटक होतात आणि डोंगर उंच सुळक्यासारखा बनतो. हॉटस्पॉटचा बेसॉल्ट जातीचा शिलारस पातळ, दूरवर वाहणारा. त्याचा डोंगर जमिनीवर पालथ्या ठेवलेल्या ढालीसारखा पसरट असतो. हवाईतल्या मौना लोआ ज्वालामुखीची उंची ४,१६९ मीटर आहे, पण दुरून पाहिलं तर हा इतका उंच डोंगर आहे असं वाटतच नाही, इतका त्याचा उतार सौम्य.

पायरी २: खाली नेमकं काय चालू आहे, ते समजून घ्या

इथे घाई करू नका, कारण बहुतेकांच्या मनातलं चित्र इथेच चुकलेलं असतं. पृथ्वीच्या पातळ कवचाखाली वितळलेल्या खडकाचा समुद्र आहे आणि कवचाला भोक पडलं की तो वर उसळतो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. कवचाखालचं प्रावरण घन आहे. भूकंपाच्या ज्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत, त्या प्रावरणातून आरामात आरपार जातात, हा त्याचा पुरावा. मात्र घन असूनही ते लाखो वर्षांच्या हिशेबात अगदी संथपणे वाहतं.

या प्रावरणात काही ठिकाणी आजूबाजूपेक्षा जास्त तापलेल्या खडकाचा खांब वर चढत असतो. याला प्लूम म्हणतात. हवाईखालचा खांब भोवतालच्या खडकापेक्षा साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसने जास्त गरम असावा असा अंदाज आहे. भूकंपलहरींवरून पृथ्वीच्या पोटाचं चित्र काढायच्या पद्धतीने २०१५ मध्ये जे नकाशे समोर आले, त्यांत असे काही खांब सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपासून, म्हणजे गाभ्याच्या सीमेपासून, वर येताना दिसतात. सगळेच हॉटस्पॉट इतक्या खोलातून येतात का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. काहींच्या मते काही माळा पट्टात पडलेल्या भेगांमुळे तयार झाल्या असाव्यात. हवाईपुरतं बोलायचं तर खोल खांबाची बाजू मला जास्त भक्कम वाटते.

आता मुख्य प्रश्न. वर येणारा खडक घन आहे, वाटेत त्याला कुणी जास्तीची उष्णता देत नाही, मग तो वितळतो कसा? दाब कमी झाल्यामुळे. कुकरमधलं पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही पाणीच राहतं, कारण त्याच्यावर दाब असतो. दाब सुटला की त्याच तापमानाला ते उकळू लागतं. खडकाचंही तसंच. शेकडो किलोमीटर खोलीवर प्रचंड दाबाने त्याचा वितळणबिंदू वर गेलेला असतो. खडक वर चढतो तसा दाब उतरतो, वितळणबिंदू खाली येतो, आणि पट्टाच्या बुडाशी पोचता पोचता खडकाचा थोडासा हिस्सा वितळू लागतो. सगळा खडक कधीच वितळत नाही. जो हिस्सा वितळतो तो भोवतीच्या खडकापेक्षा हलका, म्हणून तो फटींमधून वर झिरपत जातो, वाटेत साठतो आणि शेवटी बाहेर पडतो. बाहेर पडतानाचं त्याचं तापमान ११०० ते १२०० अंश असतं.

खांब जवळजवळ जागच्या जागी, आणि वरचा पट्ट मात्र सरकता. एखादा ज्वालामुखी खांबाच्या वर असतो तोवर त्याला शिलारस मिळत राहतो. पट्टाबरोबर तो बाजूला गेला की पुरवठा आटतो, आणि मागून आलेल्या कोऱ्या सागरतळावर नवा ज्वालामुखी उभा राहतो. हवाईची रांग अशी तयार झाली असावी, हे कॅनडाचे भूभौतिकशास्त्रज्ञ जे. तुझो विल्सन यांनी १९६३ मध्ये मांडलं. त्या वेळी भूपट्टांचा सिद्धांतच अजून पुरता उभा राहिलेला नव्हता. खोल प्रावरणातून येणाऱ्या खांबाची कल्पना जेसन मॉर्गन यांनी १९७१ मध्ये त्याला जोडली.

बेटांची वयं वायव्येकडे वाढत जातात ही गोष्ट मात्र त्याच्याही कितीतरी आधी लोकांच्या नजरेत आली होती. अमेरिकेचे भूवैज्ञानिक जेम्स ड्वाइट डाना १८४०-४१ मध्ये तिथे गेले तेव्हा वायव्येकडची बेटं जास्त झिजलेली आहेत, हे त्यांनी टिपलं. आणि हवाईच्या मूळ रहिवाशांच्या कथांमध्ये अग्निदेवता पेले वायव्येच्या बेटांवरून एकेक बेट मागे टाकत आग्नेयेकडे येते. प्रत्येक ठिकाणी ती घर खणते, समुद्राची देवता असलेली तिची बहीण ते पाण्याने विझवते, आणि शेवटी पेले मोठ्या बेटावरच्या किलाउएआ ज्वालामुखीच्या मुखात स्थिरावते. कुठलंही उपकरण हाती नसताना, नुसती झीज आणि आग पाहून लोकांनी हा क्रम बरोबर ओळखला होता. मला तरी हे फार थोर निरीक्षण वाटतं.

पायरी ३: कागद आणि पेन्सिल घेऊन माळ स्वतः तयार करा

हे पाच मिनिटांचं काम आहे, पण टाळू नका. पेन्सिल टेबलाच्या वर एका जागी उभी धरा, टोक खाली. सोबतच्याला पेन्सिलीखालून कागद एकाच दिशेने, सावकाश ओढायला सांगा. तुम्ही मनात पाच आकडे मोजा आणि एक ठिपका टेकवा, परत पाच मोजा, परत ठिपका. सात-आठ ठिपके झाले की त्यांना क्रमाने आकडे द्या.

आता नीट बघा. पहिला ठिपका पेन्सिलीपासून सगळ्यात दूर गेलेला आहे आणि शेवटचा तिच्या टोकाखाली. म्हणजे पट्ट म्हाताऱ्या बेटांच्या दिशेने सरकतो, तरुण बेटांच्या नव्हे. हवाईची म्हातारी बेटं वायव्येला आहेत, तेव्हा पॅसिफिक पट्ट वायव्येकडे चालला आहे. हे उलटं धरण्याची चूक वारंवार होते, आणि ती टाळायला हा कागद हाताशी असलेला बरा.

दुसऱ्या कागदावर तेच करा, पण अर्ध्यावर ओढण्याची दिशा बदलायला सांगा. ठिपक्यांची ओळ वळलेली दिसेल. मग तिसरा कागद. या वेळी ओढण्याची दिशा बदलायची नाही. सुरुवातीच्या चार ठिपक्यांपर्यंत पेन्सिल हळूहळू एका बाजूला सरकवायची, आणि मग ती स्थिर धरायची. ओळ पुन्हा वळलेलीच येईल. दुसरा आणि तिसरा कागद जपून ठेवा, सहाव्या पायरीत लागतील.

खरी माळ या ठिपक्यांइतकी सुटसुटीत नसते. हॉटस्पॉटचा आवाका पेन्सिलीच्या टोकासारखा नाही, तो शेकडो किलोमीटर रुंद आहे. त्यामुळे एका वेळी दोन-तीन ज्वालामुखी जागे असतात. आज मौना लोआ, किलाउएआ आणि समुद्राखालचा कामाएहुआकानालोआ हे तिन्ही जिवंत आहेत. हवाईतले अलीकडचे ज्वालामुखी तर जवळजवळ समांतर अशा दोन ओळींत उभे आहेत, एक मौना केआची आणि दुसरी मौना लोआची.

पायरी ४: एका बेटाचं आयुष्य टप्प्याटप्प्याने ओळखा

आता नकाशावर पुन्हा आग्नेय टोकापासून सुरुवात करा आणि प्रत्येक टप्प्याचा नमुना बघत पुढे जा.

*गर्भातलं बेट.* मोठ्या बेटाच्या आग्नेयेला किनाऱ्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवर कामाएहुआकानालोआ आहे. पूर्वी त्याला लोइही म्हणत, २०२१ मध्ये नाव बदललं. सागरतळापासून तो तीन किलोमीटरहून जास्त उंच झाला आहे, तरीही त्याचा माथा पाण्याखाली सुमारे ९७५ मीटर खोल आहे. इतक्या खोलीवर पाण्याचा दाब एवढा असतो की लाव्हा फुटून उडत नाही. तो नळीतून पिळून निघावा तसा येतो, थंड पाण्याने वरून लगेच गोठतो आणि उशीसारखे गोळे एकावर एक रचले जातात. १९९६ च्या उन्हाळ्यात इथे भूकंपाचे चार हजारांहून जास्त धक्के नोंदले गेले आणि माथ्याचा एक भाग कोसळून नवा खड्डा तयार झाला. बेट म्हणून तो दिसायला अजून हजारो वर्षं जावी लागतील.

*ऐन भरातलं बेट.* डोंगर पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आला की दाब कमी होतो, लाव्हा आणि पाणी यांची गाठ स्फोटक होते, राख उडते. एकदा माथा पाण्याबाहेर पडला की मग लाव्हा शांतपणे वाहू लागतो. डोंगराचं ९५ टक्क्यांच्या आसपास आकारमान याच ढाल-टप्प्यात तयार होतं. किलाउएआ आणि मौना लोआ या वयात आहेत. किलाउएआच्या पूर्व उतारावर १९८३ मध्ये सुरू झालेला उद्रेक २०१८ पर्यंत, म्हणजे तब्बल ३५ वर्षं, चालू होता. त्याच्या शेवटच्या वर्षी लाव्हाने ७०० हून अधिक घरं गिळली. मौना लोआ १९८४ नंतर थेट २०२२ च्या नोव्हेंबरात जागा झाला.

*उतरणीला लागलेलं बेट.* मौना केआ हॉटस्पॉटच्या मध्यापासून जरा बाजूला गेला आहे. उद्रेक विरळ झाले, लाव्हा जरा चिकट झाला, माथ्यावर लहान टेकड्यांचे उंचवटे उभे राहिले. त्याचा शेवटचा उद्रेक सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. समुद्रसपाटीपासून तो ४,२०७ मीटर उंच आहे, पण पायथ्यापासून माथ्यापर्यंत मोजलं तर ९ किलोमीटरहून जास्त. एवढं वजन अंगावर पडल्यावर खालचा पट्ट वाकतो. मोठं बेट आजही वर्षाला दोन-अडीच मिलिमीटर खचतं आहे. एकीकडे नवा लाव्हा साठून बेट वाढतं आणि दुसरीकडे ते स्वतःच्याच ओझ्याने बुडतं.

*झिजणारं बेट.* इथे काउआई आणि ओआहू पाहा. काउआईच्या वायमिआ दरीची खोली ९०० मीटरहून जास्त आहे, आणि ही सगळी दरी लाव्हाचे थर चिरून गेलेली आहे. नदी आणि पाऊस हे काम सावकाश करतात, पण काही वेळा बेटाचा तुकडाच समुद्रात घसरतो. ओआहूच्या पूर्वेकडचा कोओलाउ ज्वालामुखी अर्धाअधिक असाच गेला. आज दिसणारी त्याची उंच, उभी भिंत म्हणजे उरलेली बाजू. घसरून गेलेल्यांतला एक तुकडा सागरतळावर आजही ओळखता येतो, त्याची लांबी सुमारे ३० किलोमीटर आहे. खोलीच्या नकाशावर ओआहूच्या ईशान्येला पाहा, विखुरलेले ठोकळे दिसतील.

*अवेळी पुन्हा जागं होणारं बेट.* झीज होऊन दहा-वीस लाख वर्षं लोटल्यावर काही बेटांवर थोडा लाव्हा परत येतो. होनोलुलूजवळचं डायमंड हेड हे असंच उशिराचं मुख. प्रमाणाने हा लाव्हा अगदी किरकोळ, पण पुढच्या पायरीत तो गोंधळ घालतो, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा.

*कडं झालेलं बेट.* उबदार पाण्यात बेटाच्या काठाने प्रवाळ वाढतो. बेट खचत जातं, प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतो. आधी तो किनाऱ्याला चिकटलेला असतो, मग बेट आणि प्रवाळ यांच्यात पाणी शिरतं, आणि बेट पूर्ण बुडालं की उरतं ते मधोमध उथळ पाणी असलेलं कडं, कंकणद्वीप. हे चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये मांडलं. त्यांच्याकडे छिद्रं पाडायची यंत्रं नव्हती, त्यामुळे पुरावा मिळायला शंभरहून अधिक वर्षं गेली. १९५२ मध्ये मार्शल बेटांतल्या एनेवेटॉक इथे खोदत गेले तेव्हा १,२०० मीटरहून जास्त जाडीची प्रवाळी चुनखडी पार केल्यावर खाली बेसॉल्ट लागला. उथळ पाण्यातच जगणारा जीव इतक्या खोलीवर सापडतो, याचा अर्थ खालची जमीन तेवढी खचली.

हवाईच्या रांगेत या टप्प्याची उंबरठ्यावरची अवस्था फार सुंदर दिसते. फ्रेंच फ्रिगेट शोल्स नावाच्या प्रवाळकड्यात मधोमध ला पेरूज नावाचा एकच काळा सुळका उरला आहे, उंची जेमतेम ३७ मीटर. एके काळी तो उंच ज्वालामुखीचा भाग होता. भोवती मैलोनमैल उथळ पाणी, आणि मध्ये हा एवढाच बेसॉल्ट. तो कोसळला की बेटाचा शेवटचा उघडा दगडही गेला.

*बुडालेला डोंगर.* कुरेच्या पुढे पाणी थंड होत जातं, प्रवाळाची वाढ खचण्याच्या वेगाला पुरी पडत नाही, आणि कडंही पाण्याखाली जातं. खालचा पट्टही वयाबरोबर थंड आणि जड होऊन खोल जात असतो. उरतो तो सपाट माथ्याचा सागरी डोंगर. दुसऱ्या महायुद्धात हॅरी हेस हे भूवैज्ञानिक नौदलाच्या जहाजावर अधिकारी होते. जहाजावरचं खोली मोजणारं ध्वनियंत्र त्यांनी प्रवासभर चालू ठेवलं, आणि पॅसिफिकमध्ये असे शंभराहून जास्त सपाट डोंगर त्यांना सापडले. लाटांनी माथा कापून काढल्याशिवाय डोंगर इतका सपाट होत नाही, म्हणजे हे सगळे कधी ना कधी पाण्याच्या पातळीवर होते.

पायरी ५: वयं आणि अंतरं मांडून पट्टाचा वेग काढा

लाव्हाचं वय पोटॅशियम आणि अरगॉन यांच्या प्रमाणावरून काढतात. आपल्याला ती आयती घ्यायची आहेत. किलाउएआपासूनचं अंतर आणि ढाल-टप्प्यातल्या खडकांचं वय, दोन्ही अर्थात अंदाजे:

काउआई: ५१९ किलोमीटर, ५१ लाख वर्षं
नेकर (निहोआपुढचा उघडा खडक): १,०५८ किलोमीटर, १ कोटी ३ लाख वर्षं
मिडवे: २,४३२ किलोमीटर, २ कोटी ७७ लाख वर्षं

एक सोपी युक्ती सांगतो. दहा लाख वर्षांत पट्ट जितके किलोमीटर सरकतो, तितकेच मिलिमीटर तो एका वर्षात सरकतो. त्यामुळे शून्यांच्या भानगडीत पडायलाच नको. मिडवेचे २,४३२ किलोमीटर भागिले २७.७, उत्तर ८८ च्या आसपास. म्हणजे वर्षाला ८८ मिलिमीटर, जवळजवळ ९ सेंटिमीटर. काउआईवरून हाच वेग १०२ मिलिमीटर येतो, नेकरवरूनही तेवढाच.

उत्तरं वेगवेगळी आली म्हणून बिथरू नका. पट्टाचा वेग कोट्यवधी वर्षं अगदी एकसारखा राहिला असेल असं नाही, आणि किलाउएआ हा शून्य बिंदूही ढोबळच, कारण एका वेळी तीन ज्वालामुखी जागे आहेत. शून्याची ही अडचण टाळायची असेल तर दोन जुनी बेटं घ्या आणि त्यांच्यातला फरक काढा. काउआई ते मिडवे १,९१३ किलोमीटर, वयातला फरक २ कोटी २६ लाख वर्षं, वेग सुमारे ८५ मिलिमीटर. या आकड्यावर मी जास्त विश्वास ठेवेन.

आणि ती हमखास होणारी चूक. ओआहूसाठी कुणी डायमंड हेडचं वय घेतलं आणि ते पाच लाख वर्षं धरलं, तर सुमारे साडेतीनशे किलोमीटरला वर्षाला ७०० मिलिमीटर असा वेग येतो. कुठलाही पट्ट इतका धावत नाही. ओआहूच्या दोन ढालींची खरी वयं सुमारे ३७ लाख आणि २६ लाख वर्षं आहेत. उत्तर वर्षाला २० सेंटिमीटरच्या पुढे गेलं की आधी खडक कोणत्या टप्प्यातला घेतला ते तपासा.

पायरी ६: वळणाचा अर्थ लावताना सावध राहा

किलाउएआपासून साधारण ३,५०० किलोमीटरवर रांग वळते. तिथून पुढच्या पाण्याखालच्या भागाला एम्परर सागरी पर्वतरांग म्हणतात, आणि ती जवळजवळ उत्तरेकडे जाते. वळणाचं वय सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षं. बराच काळ याचा अर्थ सरळ लावला जात होता, की त्या सुमारास पॅसिफिक पट्टाने दिशा बदलली. हा तुमचा दुसरा कागद.

पण २००१ मध्ये सागरतळ खोदणाऱ्या एका मोहिमेत एम्परर रांगेतून लाव्हाचे नमुने काढले गेले. लाव्हा गोठतो तेव्हा त्यातल्या लोहखनिजांचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने स्थिर होतात, आणि त्यांच्या कलावरून तो कोणत्या अक्षांशावर गोठला ते कळतं. हॉटस्पॉट स्थिर असता तर सगळे नमुने आजच्या हवाईच्या अक्षांशावर, म्हणजे १९ अंश उत्तरेला, गोठलेले निघायला हवे होते. तसं झालं नाही. सुमारे ७.५ ते ८ कोटी वर्षं जुना डेट्रॉइट सागरी पर्वत ३० अंशांच्याही बराच उत्तरेला गोठला होता. म्हणजे त्या काळात खांब स्वतःच दक्षिणेकडे सरकत होता. हा तुमचा तिसरा कागद. पट्टाचं वळण आणि खांबाचं सरकणं यांचा वाटा नेमका किती, यावर अजून काम चालू आहे. दोन्हींचा हात आहे असं आज बहुतेकजण मानतात. म्हणून वळणापलीकडचे आकडे घेऊन पट्टाचा वेग काढू नका.

पायरी ७: दुसऱ्या माळांवर हात बसवा

पहिल्यांदा दक्षिण पॅसिफिकमधली सोसायटी बेटं घ्या, कारण इथे आकडेमोड लागत नाही. ताहितीपासून वायव्येकडे जात फक्त बेटाचा डोंगर आणि प्रवाळ यांच्यातलं पाणी बघत राहा. ताहितीला ते अरुंद आहे. बोरा बोराला ७२७ मीटरचा डोंगर मधोमध आणि भोवती रुंद निळं पाणी, बाहेर कडं. आणखी पश्चिमेला डोंगरच नाही, नुसती कडी. डार्विनची सगळी मांडणी एका रांगेत.

गॅलापागोस उलट्या दिशेचं आहे. नाझ्का पट्ट पूर्वेकडे सरकतो, म्हणून जागे ज्वालामुखी पश्चिमेला, फर्नांडिना आणि इसाबेला बेटांवर, आणि जुनी बेटं पूर्वेला. इथली बेटं सरळ रेषेत न राहता पुंजक्यात आहेत. पट्ट जिथे फाकतो ती सागरी पर्वतरांग अगदी जवळ असल्याने इथला पट्ट पातळ आहे, त्यामुळे शिलारस रुंद भागातून वर येतो.

संथ पट्टाचा नमुना हवा असेल तर आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळची कॅनरी बेटं. पूर्वेचं फुएर्तेवेंतुरा सुमारे २ कोटी वर्षांचं, पश्चिमेचं एल इएरो ११ लाखांचं, अंतर सुमारे ४०० किलोमीटर. भागाकार करून पाहा, वर्षाला जेमतेम २१ मिलिमीटर. इतक्या सावकाश चालणाऱ्या पट्टावर जुनी बेटंही उष्णतेच्या आवाक्यात राहतात. म्हणूनच तरुण ला पाल्मावर २०२१ मध्ये उद्रेक झाला, तसा जुन्या लांझारोतेवरही १७३० ते १७३६ अशी सहा वर्षं तो चालू होता. वयाचा क्रम इथे खरा आहे, पण जागं-झोपलेलं हा फरक पुसट आहे.

हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाची माळ वाचायला सगळ्यात कठीण आणि माझ्या मते सगळ्यात भव्य. आज खांब रियुनियनच्या पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखीखाली आहे. जवळच मॉरिशस, सुमारे ९० लाख वर्षं जुनं. तिथून उत्तरेला बुडालेले उथळ पठारी भाग लागतात, आणि मग माळ तुटते. तिचा पुढचा तुकडा थेट शागोसला सापडतो, तिथून मालदीव, लक्षद्वीप, आणि शेवटी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा. मधली फट पडली कारण पट्ट फाकवणारी मध्य-सागरी पर्वतरांग त्या खांबावरून पार झाली. जुना तुकडा भारतीय पट्टावर राहिला, नवा आफ्रिकेकडच्या पट्टावर उभा राहिला, आणि दोन्ही एकमेकांपासून दूर गेले. म्हणून दख्खनपासून रियुनियनपर्यंतचं अंतर सरळ मोजून वेग काढला तर तो चुकीचाच येणार. शागोसपर्यंतचा हिशेब वेगळा करा आणि मॉरिशसपासूनचा वेगळा.

माळ सापडणारच नाही अशी जागाही आहे. आइसलँडचा हॉटस्पॉट दोन पट्ट एकमेकांपासून दूर जातात त्याच सीमेवर बसला आहे, त्यामुळे लाव्हा दोन्हीकडे वाटला जातो आणि एकच मोठं बेट तयार होत राहतं.

शेवटचं काम. हवाईची माळ तिच्या उत्तर टोकापर्यंत शोधत जा. तिथे मेजी नावाचा सागरी पर्वत आहे, वय ८ कोटी वर्षांच्या आसपास, आणि तो कुरिल-कामचटका गर्तेच्या अगदी काठाला टेकला आहे. या गर्तेत पॅसिफिक पट्ट खाली जातो आहे. मेजीच्या आधीचे डोंगर होते की नव्हते, हे नकाशावरून कळणार नाही, कारण असले तरी ते पट्टासोबत गर्तेत गेले. तेव्हा तुमच्या कागदावर हवाईच्या हॉटस्पॉटचं वय ८ कोटी लिहू नका. निदान ८ कोटी, असं लिहा.